पिशवीचा कोपरा तोडू नका: घरातलं प्लास्टिक कमी कसं करायचं आणि उरलेल्याचं काय करायचं

सकाळी दुधाची पिशवी फोडताना आपण कात्रीनं तिचा कोपरा उडवतो. तुकडा असतो नखाएवढा. ओट्यावर पडतो, तिथून मोरीत जातो, नाहीतर चहाच्या चोथ्याबरोबर ओल्या कचऱ्यात. रिकाम्या पिशवीला भंगारात किलोवर भाव मिळतो, पण हा तुकडा कुणीही वाकून उचलत नाही. रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येणाऱ्या घरातून वर्षाला असे ७३० तुकडे बाहेर पडतात.

आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी मला हे दाखवलं. मी ओल्या कचऱ्याची बादली पुढे केली, त्यांनी भाजीच्या देठांतून असे तीन कोपरे वेचून तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "चीर द्यायची ताई, तोडायचं नाही. आणि पिशवी धुऊन, सुकवून द्या. सुकं आलं तर तो माल, ओलं आलं की घाण."

त्या दिवसापासून मी कोपऱ्याला आडवी चीर देते आणि तुकडा एका बाजूनं पिशवीला लागलेला ठेवते. धार तशीच पडते. आणि त्यांच्या त्या 'माल' आणि 'घाण' या दोन शब्दांवरच आमच्या घरातली सगळी व्यवस्था उभी आहे. प्लास्टिक वाईट असतं म्हणून ते टाळायचं, एवढंच मला आधी माहीत होतं. टाळता येत नाही ते कुणाच्या तरी हातात जातं, आणि ते कोरडं आहे की खरकटं यावर त्या हातांची कमाई ठरते, हे नंतर समजलं.

आधी आठवडाभर फक्त मोजा

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. नव्या काचेच्या बरण्या नकोत, बांबूचे ब्रशही नकोत. स्वयंपाकघरात एक रिकामं पोतं ठेवा आणि घरात आलेलं फेकायचं प्लास्टिक त्यात टाकत जा. खरकटं लागलेलं असेल तर पाण्यातून काढून टाका. रविवारी वर्तमानपत्र पसरून पोतं उलटं करा आणि ढीग लावा: दूध, भाजी-फळं, किराणा आणि खाऊ, बाहेरून मागवलेलं जेवण, न्हाणीघर, इतर. मोजायला मुलांना बसवा. ती प्रामाणिकपणे मोजतात आणि नंतर आठवडाभर घरातल्या मोठ्यांवर लक्ष ठेवतात.

आमच्या चौघांच्या घरात पहिल्या मोजणीत ९१ नग निघाले. पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असेल असं मला वाटलं होतं, पण बाटली एकच होती. भाजी-फळांच्या पातळ पिशव्या २३, किराणा आणि खाऊची वेष्टनं १९, दुधाच्या पिशव्या १४. दोनदा जेवण मागवलं होतं, त्याचे डबे, झाकणं, चमचे आणि चटणीच्या पुड्या मिळून १७. बाकीचं किरकोळ. तुमचे ढीग वेगळे असतील. ज्या घरात लहान बाळ आहे तिथे डायपर पुढे असतील, एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे पार्सलचे डबे. जो ढीग सगळ्यात मोठा, त्याच्यापासूनच सुरुवात करा. सगळीकडे एकदम हात घातला तर महिन्याभरात कंटाळा येतो आणि सगळंच सुटतं.

भाजी

भाजीसाठी एक मोठी पिशवी पुरत नाही. मोठी पिशवी बहुतेकांकडे असते, तरी पातळ पिशव्या घरात येतातच, कारण मिरच्या, लिंबं, आलं, पाव किलो घेवडा हे सगळं सुटं कशात घालायचं हा प्रश्न असतो. त्यासाठी लहान पिशव्या लागतात, आणि त्या घरी शिवता येतात.

जुनी, विटलेली सुती साडी घ्या. साडेपाच मीटरच्या साडीतून साधारण तीस बाय चाळीस सेंटीमीटरच्या पंधरा-सोळा पिशव्या सहज निघतात. कापड दुहेरी घडी करून दोन्ही बाजूंना शिवण घाला, तोंडाशी दोन बोटं कापड दुमडून त्यातून नाडी ओवा. नाडी साडीच्याच काठाची करा, काठ मजबूत असतो. शिलाई मशिन नसेल तर कोपऱ्यावरचा ऑल्टर करणारा शिंपी हे काम तासाभरात करून देतो. सुती साडीची पिशवी पातळ असते, त्यामुळे काट्यावर तिचं वजन नगण्य भरतं आणि भाजीवालीही कुरकुर करत नाही.

मंडईत आधी बोलायचं. भाजीवाल्या मावशींचा एक हात तागडीवर आणि दुसरा पिशव्यांच्या जुडग्यावर असतो. भाव विचारतानाच आपली पिशवी उघडून पुढे धरा आणि "मावशी, यातच टाका" म्हणा. त्यांनी पिशवी ओढून भाजी भरल्यावर "नको" म्हटलं तर ती चुरगळून बाजूला पडते आणि कुणाच्याच कामाची उरत नाही. कांदे-बटाटे थेट मोठ्या पिशवीच्या तळाशी, पालेभाजी सगळ्यात वर.

मासे आणि चिकन आणायला झाकणाचा स्टीलचा डबा न्या. कोळणीकडे मासे साफ होईपर्यंत डबा तिच्याजवळ ठेवा. घरी येईपर्यंत पिशवीतून पाणी गळत नाही, स्कूटरला वास लागत नाही, आणि धुवायला एकच भांडं पडतं.

पिशवी विसरणं ही यातली खरी अडचण. घरात दाराआड टांगलेल्या आठ पिशव्यांचा बाजारात उपयोग नसतो. पिशव्यांची एक गुंडाळी स्कूटरच्या डिकीत, एक ऑफिसच्या बॅगेत, आणि भाजी काढून झाली की रिकामी पिशवी त्याच क्षणी चपलांच्या कपाटावर. कपाटात परत ठेवली की ती गेलीच.

फ्रिजमध्ये भाजी सुकते म्हणून अनेक जणी प्लास्टिककडे परत वळतात. कोथिंबिरीची मुळं कापा, पिवळी पानं काढा, न धुता कोरड्या पंच्यात सैल गुंडाळा आणि स्टीलच्या डब्यात ठेवा. आठवडाभर टिकते. पालक-मेथीला पंचा अगदी किंचित ओलसर. गाजर, काकडी, भेंडी सुती पिशवीतच राहू द्या.

दूध आणि किराणा

गवळी सुटं दूध घालत असेल किंवा जवळच्या डेअरीत किटली भरून मिळत असेल तर फारच छान. नसेल तर पिशव्या येणारच, त्यावर जीव जाळू नका. चीर द्या, पिशवीत वाटीभर पाणी घालून हलवा, ते पाणी चहात किंवा कणकेत घाला, आणि पिशवी उलटी करून वाळणाच्या दोरीला चिमट्यानं अडकवा. संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते.

किराण्यात सगळ्यात सोपी गोष्ट पिठाची. पिठाच्या गिरणीची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे: डब्यात गहू न्यायचे, त्याच डब्यात पीठ आणायचं. पॅकबंद आटा सुरू झाला आणि ती सवय गेली. ती परत आणली की जाड पिशव्या तेवढ्याच कमी होतात, शिवाय ज्वारी-बाजरीचं ताजं पीठ मिळतं.

डाळी, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, गूळ हे भुसार दुकानात अजून सुटं मिळतं. डबा घेऊन जायचं असेल तर आधी घरी रिकाम्या डब्याचं झाकणासकट वजन करा आणि ते तळाला नेलपॉलिशनं लिहून ठेवा. दुकानात 'डब्याचं किती धरायचं' हा वाद तिथेच मिटतो. चिवडा, शेव, चकली फरसाणवाल्याकडून डब्यात तोलून घ्या. वेष्टनांच्या ढिगातला मोठा वाटा मुलांच्या खाऊचा असतो, आणि त्या चकचकीत वेष्टनांना भंगारात घेणारं कुणी नसतं. त्याविषयी पुढे लिहिलं आहे. जे पॅकबंदच मिळतं त्याची दहा लहान पाकिटं घेण्याऐवजी एक मोठं घ्या.

बाहेरचं जेवण

जेवण आणायला स्वतः जाणार असाल तर डबे न्या. उकळती आमटी पातळ पिशवीत गाठ मारून आणणं हे तब्येतीसाठीही टाळायला हवं. अॅपवरून मागवताना चमचे-टिश्यू नकोत हा पर्याय असतो, तो निवडा. पार्सलचे पारदर्शक किंवा पांढरे डबे बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे असतात, तळाला त्रिकोणात ५ आकडा दिसतो. ते धुऊन शिवणाचं सामान, खिळे, बियाणं ठेवायला वापरा. पुन्हा गरम पदार्थ मात्र त्यात घालू नका.

कापडासारखं आणि कागदासारखं दिसणारं प्लास्टिक

इथे भले भले चुकतात. कपड्यांच्या दुकानात मिळणारी, कापडासारखी वाटणारी रंगीत पिशवी उजेडात धरून जवळून बघा. उभा-आडवा धागा दिसणार नाही, दाबलेल्या ठिपक्यांची नक्षी दिसेल. ते न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. अशी एक पिशवी आमच्या गॅलरीत उन्हाळाभर टांगलेली राहिली. जूनमध्ये हात लावला तर बोटांत तिचा भुगा आला. ते कण गोळा करणं कुणालाही शक्य नाही.

चहाचा कागदी कप आतून प्लास्टिकच्या पातळ थरानं लेपलेला असतो, म्हणून तर तो भिजत नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पेय १५ मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. टपरीवर काचेचा ग्लास मागा. ऑफिसच्या टेबलावर स्वतःचा कप ठेवा.

चंदेरी पत्रावळीचं तसंच. कडेला थोडी फाडा: कागद फाटतो आणि वरचा चकचकीत पापुद्रा ताणला जातो. त्यापेक्षा पळसाची पत्रावळ, केळीचं पान किंवा सुपारीच्या पानांची ताटं घ्या.

'कंपोस्ट होणारी' म्हणून मिळणाऱ्या पिशव्यांवर आयएस १७०८८ हे मानक छापलेलं आहे का बघा. त्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पातल्या उष्णतेत कुजण्यासाठी बनवलेल्या असतात, रस्त्याकडेच्या गटारात पडल्या तर तशा विरघळून जात नाहीत. दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात तर त्या मुळीच मिसळू नका, पुनर्वापराचा अख्खा माल बिघडतो.

न्हाणीघर

शाम्पूच्या एक-दोन रुपयांच्या पुड्या बंद करा, मोठी बाटली घ्या. बॉडीवॉशऐवजी साबणाची वडी. बाजारातल्या बहुतेक सॅनिटरी पॅडमध्ये बराच भाग प्लास्टिकचा असतो. मेन्स्ट्रुअल कप किंवा धुऊन वापरायचे कापडी पॅड जमले तर वर्षांचा कचरा वाचतो, पण हा निर्णय जिचा तिनं घ्यावा, कुणी कुणावर लादू नये. वापरलेला पॅड किंवा डायपर कागदात नीट गुंडाळा, त्यावर लाल ठिपका काढा आणि वेगळा द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं हीच लाल ठिपक्याची मोहीम चालवली. पुडी उघडावी लागू नये, एवढंच त्या मागत होत्या.

हळदीकुंकू, गणपती, बारसं

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकची गाळणी, टोपल्या, साबणाच्या डब्या वाटल्या जातात. प्रत्येकीच्या घरी त्या आधीच चार असतात. मी तीन वर्षं भाजीच्या त्याच साडीच्या पिशव्या वाण म्हणून देते आहे, आणि आता मंडईत ओळखीच्या बायकांच्या हातात त्या दिसतात. पावशेर गूळ, सुगडात घालून डाळ, तुळशीचं रोप, हेही चालतं. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बांबू, कापडाचे पडदे, घडीचं पुठ्ठ्याचं मखर दरवर्षी परत लागतं.

पन्नास-साठ माणसांच्या कार्यक्रमासाठी सोसायटीनं भांडी घेऊन ठेवावीत. पूर्वी गावोगावी देवळात लग्नकार्यासाठी सामायिक भांडी असत, तीच पद्धत. साठ ताटं, साठ पेले, एकशे वीस वाट्या, तेवढे चमचे आणि एक वही. नेताना मोजून सही, थोडी अनामत, परत करताना घासून आणि मोजून. भांडी घासणाऱ्या मावशींना त्या दिवसाचे वेगळे पैसे द्यायचे हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहा, नाहीतर सगळा भार त्यांच्यावर पडतो.

उरलेलं: धुवा, वाळवा, वेगळं करा

आता ताईंच्या 'माल'कडे येऊ. एवढं करूनही घरात प्लास्टिक उरतंच.

त्याच्या तीन पिशव्या करा. पहिली नरम प्लास्टिकची: दुधाच्या, तेलाच्या, डाळीच्या जाड पिशव्या. तेलाची पिशवी कापून उघडा, भांडी घासून झाल्यावरच्या साबणाच्या पाण्यात बुडवा, मग वाळवा. पन्नासेक दुधाच्या पिशव्या झाल्या की एकात एक सरकवून गठ्ठा बांधा.

दुसरी कडक प्लास्टिकची. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्यांना भंगारवाले सरसकट 'बिसलरी' म्हणतात. शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्यांना आमचा भंगारवाला 'फुगा' म्हणतो. त्यांचं प्लास्टिक वेगळं आणि भावही वेगळा. फरक घरी बघता येतो: पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा आणि तिचंच झाकण बादलीभर पाण्यात टाका. तुकडा तळाला जातो, झाकण तरंगत राहतं. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा असाच पाण्याच्या टाकीत वेगळा करतात. आपण बाटली रिकामी करून, पायाखाली दाबून, हवा काढून झाकण लावलं की पुरे. पोत्यात चौपट बाटल्या मावतात आणि वाहणाऱ्याच्या फेऱ्या वाचतात.

तिसरी वेष्टनांची. चिप्सचं पाकीट मुठीत घट्ट चुरगाळा आणि मूठ सोडा. ते परत उलगडलं तर त्यात प्लास्टिक, धातूचा पातळ थर आणि शाई एकमेकांना चिकटलेली आहेत. हे थर सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. यातलं काही सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये इंधन म्हणून जातं. पुण्यात इकोकारीसारखे उपक्रम अशा वेष्टनांच्या पट्ट्या कापून चरख्यावर आणि हातमागावर त्यांचं कापड विणतात. तुमच्या गावात गोळा करणारं कुणी आहे का याची चौकशी करा आणि तोवर वेष्टनं वाळवून वेगळी साठवा. बाटलीत ठासून भरून 'इको-ब्रिक' करायला मुलांना आवडतं, पण ती विटेसारखी वापरणारं ठिकाण आधी ठरलेलं असेल तरच करा. नाहीतर भाव मिळणारी चांगली बाटली आपण न विकल्या जाणाऱ्या कचऱ्यानं भरून वाया घालवतो.

हे सगळं कोरडं राहायचं तर ओल्या कचऱ्याची बादली सुधारावी लागते. तिला काळी पिशवी लावू नका. ती पिशवी पुढे कुणाला तरी हातानं फाडावी लागते, आतल्या काचेचे तुकडे आणि सुया त्याच हाताला लागतात. वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद फुलीसारखे एकमेकांवर अंथरा, मध्यभाग बादलीच्या तळाशी दाबा आणि कडा बाहेर दुमडा. खरकटं आधी मोरीच्या जाळीत निथळू द्या. रोज संध्याकाळी बादली विसळली की वास येत नाही.

भाजी-पोळीचं शिळंपाकं पिशवीत गाठ मारून बाहेर ठेवू नका. गाय वासानं येते आणि पिशवीसकट गिळते. गायींच्या पोटातून शस्त्रक्रिया करून किलो-किलो प्लास्टिक बाहेर काढल्याच्या घटना आपल्याकडे वारंवार घडल्या आहेत.

आणि कृपा करून जाळू नका. गावाकडे चूल किंवा बंब पेटवताना पिशवीचा तुकडा काडीला लावतात, कारण तो पटकन पेट घेतो. शहरात हिवाळ्यात रखवालदाराच्या शेकोटीत तेच. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि पीव्हीसीसारखं क्लोरिन असलेलं प्लास्टिक जळताना डायॉक्सिन नावाची घातक रसायनं तयार होतात. पहिला धूर चुलीपुढच्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत जातो. काडी पेटवायला नारळाची शेंडी, गोवरीचा तुकडा, वाळलेली पानं ठेवा.

कायद्याचं थोडं

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. गटारं तुंबवणाऱ्या पिशव्यांची चर्चा तेव्हापासून राज्यात सुरू झाली. २३ मार्च २०१८ला राज्यानं प्लास्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या वेळेला दंड ५,००० रुपये, दुसऱ्या वेळेला १०,०००, तिसऱ्या वेळेला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. १ जुलै २०२२पासून देशभरात प्लास्टिकचे चमचे, ताटं, पेले, स्ट्रॉ, फुग्यांच्या आणि कानकोरण्यांच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण यांवर बंदी आहे. हे आकडे माहीत असले की दुकानदाराशी बोलणं सोपं जातं, पण तिथे भांडायला जाऊ नका. गिऱ्हाईक पिशवी मागतं म्हणून तो ठेवतो. सोसायटीतल्या वीस घरांनी एकाच महिन्यात मागणं थांबवलं की कोपऱ्यावरचा वाणी स्वतःहून जुडगं कमी करतो, आमच्या गल्लीत तसंच झालं.

देण्याचा दिवस

सुका कचरा रोज थोडा थोडा देऊ नका, आठवड्यातून एकदा द्या. शहरात कचरावेचक किंवा भंगारवाला येतोच, गावात घंटागाडी येते तेव्हा वेगळ्या पोत्यात द्या. पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेचं नाव आहे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत', स्थापना १९९३ची. त्या नावात प्लास्टिक नाही. आमच्या ताईंच्या पोत्यात मात्र आता सगळ्यात जास्त जागा तेच घेतं. त्यातून मिळणारे पैसे त्यांचे आहेत. माल चांगला दिला म्हणून महिन्याचं शुल्क कमी करून मागू नका.

तीन महिन्यांनी परत पोतं उलटं करा आणि मोजा. आमच्याकडे ९१चे ३४ झाले होते. भाजीच्या ढिगात दोनच पिशव्या होत्या, त्याही पाहुण्यांबरोबर आलेल्या. दुधाच्या चौदा तशाच, पण धुतलेल्या आणि कोपऱ्यासकट. आता उरली आहेत ती औषधांची पाकिटं, मुलांची बिस्किटं आणि तेल. तेलासाठी जवळच्या लाकडी घाण्यावर विचारून आले. पाच लिटरची स्टीलची किटली आणली तर भरून देईन म्हणाला, फक्त आतून पूर्ण कोरडी हवी. आईच्या माळ्यावर एक आहे, येत्या रविवारी ती उतरवायची.